५८५ च्या पोटात काय आहे?

गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालणारा जिंकतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या रिकामटेकड्यांनी हाच नियम उचलला आणि खेळाला नाव दिलं ‘कोड गोल्फ’. काम सगळ्यांना एकच, भाषा हवी ती वापरा, शेवटी मोजायची ती फक्त अक्षरं. ज्याचा प्रोग्रॅम सगळ्यांत तोकडा, तो शहाणा. या खेळातलं सदाबहार कोडं म्हणजे शाळेत सगळ्यांनी रडतखडत सोडवलेलं गणित: दिलेल्या संख्येचे मूळ अवयव पाडा.

ठाणाकुशनूरला गोल्फचं मैदान नाही आणि त्याची गरजही नाही. औराद भागातल्या, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या या गावाभोवती फोडण्याजोगे आकडे इतके पडलेत की पुरून उरतील. सुरुवात पिनकोडपासूनच करू.

पिनकोडांची शर्यत

देशात पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या वाट्याला ५८५ हा आरंभ आला, तर सीमेपलीकडच्या लातूर-उदगीरला ४१३. आता हे सहा आकडी नंबर एकेक करून फोडा:

बीदर ५८५४०१ = १३७ × ४२७३
कलबुर्गी ५८५१०१ = ११ × ४३ × १२३७
औराद ५८५३२६ = २ × ७ × ४१८०९
बसवकल्याण ५८५३२७ = ३ × १७ × २३ × ४९९
भालकी ५८५३२८ = २ × २ × २ × २ × ३६५८३
हुमनाबाद ५८५३३० = २ × ३ × ५ × १०९ × १७९
उदगीर ४१३५१७ = ३ × १३ × २३ × ४६१
लातूर ४१३५१२ = २ × २ × २ × ११ × ३७ × १२७

औराद, बसवकल्याण आणि भालकी हे पिनकोड ओळीने लागून आहेत, ३२६, ३२७, ३२८. तरी लागून असलेल्या शेजाऱ्यांच्या पोटात एकही अवयव सामाईक नाही. लागोपाठच्या दोन संख्यांत तो असूच शकत नाही, आणि दोन्ही टोकं सम असूनही औराद आणि भालकीत सामाईक आहे तो एकच २, एवढंच काय ते नातं. उलट बसवकल्याण कर्नाटकात, उदगीर महाराष्ट्रात, दोघांचे पहिले तीन आकडे वेगळे, पण ३ आणि २३ दोघांच्याही घरात. मसावि काढा, ६९ येतो. सीमावादाच्या फायलींत हा मुद्दा कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही.

आळशी तो जिंकला

आता हे अवयव पाडणारा प्रोग्रॅम. शाळेत मास्तर सांगतात: आधी मूळ संख्यांची यादी करा, मग एकेकीने भागून बघा. कोड गोल्फवाला यादी करतच नाही. त्याची रीत एवढीच: २ पासून सुरू कर. भाग गेला तर तो आकडा लिही आणि संख्येला भाग दे. नाही गेला तर पुढचा आकडा घे. संख्या १ झाली की थांब.

मग मध्ये ४, ६, ९ असे उपरे घुसतील त्यांचं काय? ते घुसूच शकत नाहीत. बसवकल्याण घ्या. ५८५३२७ ला २ ने भाग जात नाही, ३ ने जातो, उरले १९५१०९. पुन्हा ३ ने बघितलं, जात नाही. आता ९ ची पाळी येईपर्यंत संख्येत एकही ३ शिल्लक नाही, तर ९ ने भाग जाणार कुठून? ४ ते १६ सगळे हात हलवत परत जातात आणि १७ ला भाग बसतो, मग २३ ला, शेवटी ४९९. संख्या मूळ आहे का हे तपासणारी एकही ओळ न लिहिता उत्तरात मूळ संख्याच येतात. या खेळातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच: अक्षरं वाचवायला बसलेला माणूस नकळत गणित शिकून उठतो.

पण तोकडा प्रोग्रॅम म्हणजे वेगवान प्रोग्रॅम नव्हे. शहाणा प्रोग्रॅमर वर्गमुळापाशी थांबतो. बीदरमधून १३७ बाहेर काढले की ४२७३ उरतात. ४२७३ चं वर्गमूळ ६५ च्या जरा वर आणि तिथपर्यंतचे सगळे आकडे तर आधीच तपासून झालेत, म्हणजे ४२७३ मूळ, काम संपलं. ही तपासणी लिहायला चार अक्षरं जास्त लागतात, म्हणून गोल्फवाला ती गाळतो आणि त्याचा प्रोग्रॅम १३८, १३९, १४० करत थेट ४२७३ पर्यंत पायी चालत जातो. सगळ्यांत मोठा मूळ अवयव जेवढा, तेवढी चाल. आपल्या यादीची शर्यत लावली तर लातूर १२७ वर पहिला, हुमनाबाद १७९ वर दुसरा, मग उदगीर, बसवकल्याण, कलबुर्गी, बीदर. भालकीला ३६५८३ पर्यंत जावं लागतं आणि औराद ४१८०९ वर धापा टाकत शेवटी पोचतं. कॉम्प्युटरला हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, तो भाग निराळा.

खास गोल्फसाठीच बनवलेल्या भाषाही आहेत. ‘जेली’ नावाच्या भाषेत मूळ अवयव पाडण्याचं काम दोन चिन्हांत होतं, ‘०५एबी१ई’ असं चमत्कारिक नाव असलेल्या भाषेत एकाच चिन्हात. लिनक्सवर ‘फॅक्टर’ ही सहा इंग्रजी अक्षरांची आज्ञा तयारच असते, पुढे नंबर लिहा आणि एंटर दाबा. मला विचाराल तर एका चिन्हाच्या विजयात मजा नाही. काम दुसऱ्याने आधीच करून ठेवलंय, आपण फक्त बटण दाबलं. खरी चुरस साध्या भाषांत असते.

एक अफलातून युक्ती मात्र सांगायलाच हवी. ‘पर्ल’ भाषेत एकही बेरीज-भागाकार न करता संख्या मूळ आहे का ते ओळखता येतं. संख्येइतके १ ओळीने लिहायचे आणि मजकूर शोधणाऱ्या यंत्रणेला विचारायचं: या ओळीचे दोन किंवा अधिक अक्षरांचे सारखे तुकडे पडतात का? पडले तर संख्या विभाज्य, नाही पडले तर मूळ. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच तुरीचे १५ दाणे ओट्यावर मांडा, तीनच्या पाच ओळी लागतात. १३ घ्या, कसेही मांडा, एक दाणा तरी वेडावाकडा उरतोच. प्रोग्रॅम नेमकं हेच करतो, फक्त दाण्यांऐवजी १ घेऊन.

मळखेडचा खेळाडू

या खेळाचा आद्य उस्ताद शोधायला अमेरिकेला जायला नको. कलबुर्गी जिल्ह्यात, सेडम तालुक्यात, कागिणा नदीकाठी मळखेड आहे. आज किल्ल्याचे अवशेष आणि गाव. नवव्या शतकात मात्र हे राष्ट्रकूटांचं मान्यखेट, अमोघवर्ष नृपतुंगाची राजधानी. याच अमोघवर्षाच्या काळात, त्याची स्तुती गाऊन, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने इ. स. ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. मद्रासहून १९१२ मध्ये एम. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला आणि जगाला कळलं की दख्खनमध्ये काय चाललं होतं.

गुणाकाराच्या प्रकरणात महावीराचार्य विद्यार्थ्याला कोरडी उदाहरणं देत नाहीत. गुणाकार करून झाला की उत्तर गळ्यातल्या हारासारखं निघतं, डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखंच:

१३९ × १०९ = १५१५१
१५२२०७ × ७३ = ११११११११
१२३४५६७९ × ९ = १११११११११
१४२८७१४३ × ७ = १०००१०००१
११०११०११ × ९१ = १००२००२००१
२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

शेवटचं उदाहरण जरा जवळून बघा. उत्तर एक ते सहा चढतं आणि परत एकपर्यंत उतरतं. ही ११११११ ची वर्गसंख्या. ११११११ चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. वर्ग केल्यावर प्रत्येक अवयव दोनदा येतो. आता ३, ३, ७, ७ एका बाजूला ठेवा, ४४१ तयार. उरलेले ११, ११, १३, १३, ३७, ३७ एकत्र गुणा, २७९९४६८१ तयार. दिसायला अगदी ओबडधोबड दोन आकडे, कुणाला पत्ताही लागू नये, आणि गुणले की हार. असं कोडं उत्तराकडून उलट चालत आल्याशिवाय जमत नाही असा माझा कयास आहे. आधी हार ठरवायचा, मग तो तोडून मणी दोन ओंजळीत वाटायचे.

१२३४५६७९ मध्ये ८ का नाही? कारण तो घातला की जादू बिघडते. करून बघा.

आता आपल्या यादीकडे परत या. ११११११११ चे मूळ अवयव ११, ७३, १०१ आणि १३७. हा १३७ म्हणजे बीदरच्या पिनकोडमधलाच. १५१५१ मधला १०९ हुमनाबादमध्ये सापडतो. योगायोग, दुसरं काही नाही, पण मळखेडचे दोन मणी अकराशे वर्षांनी डाकखात्याच्या पोतडीत निघाले म्हणायला हरकत काय?

याहून भारी योगायोग खुद्द ५८५ चा. अवयव पाडले तर ३ × ३ × ५ × १३, त्यात विशेष काही नाही. पण हा आकडा दोन्हीकडून सारखा वाचता येतो, आणि कॉम्प्युटरच्या दोनच अंकांच्या लिपीत लिहिला तर होतो १००१००१००१, तोही दोन्हीकडून सारखा. ‘प्रोजेक्ट ऑयलर’ या जगभर सोडवल्या जाणाऱ्या गणिती कोड्यांच्या संग्रहात ३६ वं कोडं नेमकं अशा दुहेरी संख्यांचं आहे आणि त्यात नमुना म्हणून दिलेली संख्या आहे ५८५. बीदर-कलबुर्गीच्या प्रत्येक पाकिटावर हा नमुना लिहिला जातो, पोस्टमनलाही ठाऊक नसेल.

गुंठ्याची गंमत

सीमाभागात जमिनीचा हिशोब एकर-गुंठ्यांत. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, किंवा १२१ चौरस यार्ड. १०८९ च्या पोटात ३, ३, ११, ११. हा आकडा जादूगारांचा लाडका आहे. तीन आकडी संख्या घ्या, उदाहरणार्थ उदगीर-लातूरचा ४१३. उलटा करा, ३१४. वजा करा, ९९, पण लिहायचे तीन आकड्यांत, ०९९. हेही उलटं करा, ९९०. बेरीज करा: १०८९. पहिला आणि शेवटचा अंक वेगळा असला की दर वेळी उत्तर एक गुंठा. ५८५ घेऊन मात्र जादू करायला जाऊ नका, उलटा केला तरी तो तोच राहतो आणि वजाबाकीत शून्य हाती येतं.

एकराचे ४० गुंठे तीन भावांत सरळ वाटले जात नाहीत, कारण ४० मध्ये ३ नाही. गुंठ्याचे १६ आणे केले तरी ६४० आणे होतात, तिथेही ३ नाही. चौरस फुटांवर उतरलं की मात्र ४३५६० मध्ये दोन-दोन ३ बसलेले आहेत. प्रत्येकाला १३ गुंठे आणि वर ३६३ चौरस फूट. पूर्वीच्या रुपयाचंही असंच. निजामाच्या हाली सिक्क्यात काय किंवा इंग्रजांच्या रुपयात काय, १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्यात ३ आहे, म्हणून तिघांना ५ आणे ४ पै अशी नेमकी वाटणी व्हायची. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि १०० मध्ये फक्त २ आणि ५. तिसऱ्या भावाचा पैसा तेव्हापासून अडकलाय.

आणि १२१ चौरस यार्डांचं काय? १२१ ही ‘स्मिथ संख्या’ आहे. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातले गणितज्ञ अल्बर्ट विलान्स्की यांना आपला मेहुणा हॅरल्ड स्मिथ याच्या फोन नंबरात एक गंमत दिसली. नंबर होता ४९३७७७५, मूळ अवयव ३ × ५ × ५ × ६५८३७. नंबराच्या अंकांची बेरीज ४२, आणि अवयवांच्या सगळ्या अंकांची बेरीजही ४२. विलान्स्कींनी १९८२ मध्ये अशा संख्यांना मेहुण्याचं नाव दिलं. मेहुण्याला अमर करण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नसेल. १२१ = ११ × ११, इकडे १+२+१, तिकडे १+१+१+१, दोन्हीकडे ४.

मग आपले पिनकोड? एकही स्मिथ नाही, पण हुकले कसे ते बघा. औरादच्या अंकांची बेरीज २९, अवयवांच्या अंकांची ३१. कलबुर्गी २० आणि २२. भालकी ३१ आणि ३३. उदगीर २१ आणि २३. चौघेही बरोबर दोनने हुकलेले. हुमनाबाद तेराने हुकलंय, त्याचं नाव काढायला नको.

देवळालीची खूण

आकड्यांशी खेळणाऱ्या मराठी माणसांत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं नाव न घेता पुढे जाणं म्हणजे पाप. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तरकी. त्यांचा ६१७४ जगप्रसिद्ध झाला तो मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. सगळे अंक सारखे नसलेली चार आकडी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत राहा. बीदर म्हैसूर राज्यात आलं ते साल घेऊ, १९५६:

९६५१ − १५६९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ हटत नाही. कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या पोटातली आहे: २ एकदा, ३ दोनदा, ७ तीनदा. एक, दोन, तीन.

फोडायला जाल तर

महावीराचार्यांनंतर पाचशे वर्षांनी, १३५६ मध्ये, नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’ लिहिली. त्यात विषम संख्या फोडण्याची एक रीत आहे, जी युरोपात सतराव्या शतकात फर्माच्या नावावर जमा झाली. संख्येहून मोठा वर्ग शोधा, फरकही वर्ग निघाला की काम फत्ते. हुमनाबादमधून २, ३, ५ काढले की १९५११ उरतात. १४० चा वर्ग १९६००, फरक ८९, वर्ग नाही. १४१, १४२, १४३, नाही. १४४ चा वर्ग २०७३६, फरक १२२५, म्हणजे ३५ चा वर्ग. झालं: १४४ वजा ३५ म्हणजे १०९, १४४ अधिक ३५ म्हणजे १७९. जिथे गोल्फवाल्याचा प्रोग्रॅम १७९ पर्यंत पायपीट करतो, तिथे नारायण पंडित पाच पावलांत पोचतात. दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळपास असले तरच ही रीत झटपट चालते, औरादवर लावाल तर फेस येईल.

फोडणं अवघड, जोडणं सोपं. न्यूयॉर्कला ३१ ऑक्टोबर १९०३ ला फ्रँक कोल नावाचे प्राध्यापक गणितज्ञांच्या सभेत फळ्यापाशी गेले. २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. मग बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं जुळली. एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. ही संख्या मूळ नाही हे १८७६ पासून माहीत होतं, तिचे तुकडे मात्र कुणाला सापडले नव्हते.

आजची इंटरनेटवरची कितीतरी कुलपं याच अडचणीवर उभी आहेत. ‘आरएसए-२५०’ नावाची २५० आकडी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली. प्रोसेसरच्या एकाच कोरला ते काम दिलं असतं तर साधारण २७०० वर्षं लागली असती. एखादी संख्या मूळ आहे की नाही एवढंच विचारायचं असेल तर मात्र काम झटपट होतं. त्याची पक्की रीत कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली.

गाड्या आणि मोबाइल

औरादच्या बसस्टँडसमोर उभं राहून पाट्या वाचा. केए-३८ बीदरची, २ × १९. केए-३९ भालकीची, ३ × १३. केए-५६ बसवकल्याणची, २ × २ × २ × ७. कलबुर्गीची केए-३२ म्हणजे नुसते पाच २. पलीकडे लातूरची एमएच-२४, नांदेडची एमएच-२६. सोलापूरची एमएच-१३ आली तर सोडून द्या, ती फुटत नाही.

आणि खिशातला मोबाइल नंबर? दहा आकडी संख्या मूळ नसेल तर तिचा निदान एक अवयव एक लाखाच्या आत सापडतोच, आणि एक लाखापर्यंत मूळ संख्या आहेत फक्त ९५९२. आपल्याकडच्या नंबरांत साधारण तेवीसात एक नंबर मूळ निघतो. शेवटचा अंक सम असेल किंवा ५ असेल तर आशा सोडा. १, ३, ७ किंवा ९ असेल तर शक्यता नवात एक.